दोन टक्के आणि अठ्ठ्याण्णव टक्के

गावातल्या शाळेला बाके मिळतात, दवाखान्याला रुग्णवाहिका मिळते, उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याची टाकी उभी राहते. देणाऱ्या कंपनीचे नाव त्यावर ठळक अक्षरांत रंगवलेले असते आणि लोक समाधानाने म्हणतात, ‘कंपनी चांगली आहे.’ या मदतीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. ज्या मुलीला त्या बाकावर बसून शिकता आले, तिला ते बाक लाखमोलाचे आहे. पण कंपनी चांगली की वाईट हे ठरवायला एवढे पुरेसे आहे का, हा प्रश्न आम्हांला आज वाचक भगिनी-बंधूंसमोर ठेवायचा आहे.

हा प्रश्न फक्त मोठमोठ्या उद्योगपतींचा आहे असे कोणी समजू नये. आपली मुले-मुली शिकून याच कंपन्यांत नोकरीला लागतात. आपल्या बचतीचा पैसा कुठल्या ना कुठल्या वाटेने त्यांच्या शेअरमध्ये जातो. आपण त्यांचा माल विकत घेतो आणि अनेकदा त्यांच्या कारखान्याच्या भिंतीला लागूनच राहतो.

कायदा काय सांगतो

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, किंवा उलाढाल १,००० कोटी वा अधिक आहे, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असे हे कलम सांगते. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण अशी कामे त्यात येतात. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात. असा खर्च कायद्याने बंधनकारक करणाऱ्या पहिल्या देशांत भारताची गणना होते. कायदा चांगला आहे आणि त्यातून अनेक चांगली कामे उभी राहिली आहेत.

तरी हिशेब नीट मांडून पाहू. सरासरी शंभर कोटी नफा मिळवणाऱ्या कंपनीने दोन कोटी समाजाला दिले. उरलेल्या अठ्ठ्याण्णव कोटींबद्दल हे कलम काही विचारत नाही. ते शंभर कोटी कामगाराला रास्त मजुरी देऊन आले की त्याचा घाम चोरून, नदी स्वच्छ ठेवून आले की तिच्यात रसायन सोडून, याचा जाब या कलमात नाही.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची पद्धत याच्या उलट आहे. मुलाने पहिला पगार हातात ठेवला की ‘किती आणलास’ याआधी ‘कसा आणलास’ हे विचारणारे बुजुर्ग आपण सर्वांनी पाहिले आहेत. खैरात किती केली ही नंतरची गोष्ट, रोजी हलाल आहे का ही आधीची. कंपन्यांनाही हाच प्रश्न याच क्रमाने विचारला पाहिजे. तो न विचारल्याने काय घडते, हे पाहण्यासाठी आपल्याच देशातील एका शहराकडे वळू.

भोपाळची रात्र

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. भोपाळमध्ये युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना होता. कंपनीचे निम्म्याहून थोडे अधिक, ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइडच्या मालकीचे होते. कीटकनाशक बनवण्यासाठी मिथाइल आयसोसायनेट नावाचे अत्यंत विषारी रसायन वापरले जाई. ते सुमारे ३९ अंशांवर उकळू लागते, म्हणून त्याला सतत थंड ठेवावे लागते. त्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आत रासायनिक क्रिया सुरू झाली, उष्णता वाढत गेली आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. काझी कॅम्प, जयप्रकाश नगर अशा गरीब वस्त्या अगदी जवळ होत्या. लोक डोळे चोळत, खोकत, मुलांना कडेवर घेऊन धावले. धावताना श्वास जोरात घेतला जातो आणि वायू अधिक आत जातो. तोंडावर ओले फडके धरा आणि वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढे जरी कोणी आधी सांगून ठेवले असते तरी कित्येकांचे प्राण वाचले असते. कारखान्याने शेजाऱ्यांना हे कधी सांगितलेच नव्हते.

सुरुवातीच्या सरकारी नोंदीत २,२५९ मृत्यू होते. पुढे भरपाईच्या दाव्यांत ५,२९५ मृत्यू मान्य झाले. पीडितांच्या संघटना हा आकडा पंधरा हजारांच्या वर सांगतात. वायूची बाधा झालेल्यांची सरकारी संख्याच ५ लाखांच्या पुढे आहे.

खर्चकपातीचा हिशेब

ही घटना अपघात म्हणून सांगितली जाते. आम्हांला मात्र ती कंपनीच्या धोरणाची गोष्ट वाटते आणि आमच्या आजच्या विषयाशी तिचे नाते इथेच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या कारखान्याचा माल अपेक्षेइतका खपत नव्हता आणि तो तोट्यात होता. तोट्यातला धंदा खर्च कमी करतो, यात गैर काही नाही. पण कुठला खर्च? टाकीतले रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. गळती झालीच तर वायू जाळून टाकणाऱ्या धुराड्याचा जोडनळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणा एवढ्या वायूला पुरी पडली नाही. पाण्याचे फवारे जेथून वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. या विभागातील पाळीचे कामगार बारांवरून सहावर आणले होते. म्हणजे रक्षणाच्या एकामागून एक अशा ज्या भिंती उभ्या असायला हव्या होत्या, त्या सर्व एकाच वेळी पडलेल्या किंवा ठेंगण्या होत्या.

कंपनीचे म्हणणे असे की, कोणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. आणि वादापुरते ते खरे धरले तरी मुख्य प्रश्न तसाच राहतो. एका माणसाच्या हातून हजारो माणसे मरू शकतील अशी टाकी जो शहरात ठेवतो, त्यानेच तिचे रक्षक बंद का ठेवावेत?

इशारे मिळाले नव्हते असेही नाही. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूच्या गळतीने मोहम्मद अशरफ या कामगाराचा मृत्यू झाला. १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तपासणी पथकाने सुरक्षेतील अनेक उणिवा लिहून दिल्या. त्याच वर्षी भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला लागोपाठ सावध केले. मोठ्या वृत्तपत्रांनी आणि सरकारने फारसे लक्ष दिले नाही. कंपनीच्या कागदोपत्री धोका लिहिलेला होता, मात्र वर्षाच्या ताळेबंदात त्याला जागा नव्हती. थंड यंत्रणा बंद ठेवल्याने वाचलेली वीज मात्र बचत म्हणून दिसत होती.

धंद्यातली नीतिमत्ता म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांला इथे सापडते. जो धोका दुसऱ्याच्या घरावर पडणार आहे, तो आपल्या वहीत खर्च म्हणून लिहिण्याची तयारी म्हणजे नीतिमत्ता. शेजारी झोपला आहे ते आपल्या भरवशावर. त्याचा श्वास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

भरपाई आणि पाणी

१४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली आणि कंपनीने ४७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळचे सुमारे ७१५ कोटी रुपये देण्याचे ठरले. रक्कम मोठी वाटते, पण ती लाखो माणसांत वाटली गेली. बहुतेक जखमींच्या वाट्याला आधी २५ हजार आणि कित्येक वर्षांनंतर आणखी तेवढेच आले. आयुष्यभर धाप लागणाऱ्या, काम सुटलेल्या माणसाला एवढी रक्कम किती काळ पुरणार? जून २०१० मध्ये भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. अमेरिकी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख वॉरन अँडरसन खटल्याला सामोरे न जाताच २०१४ मध्ये वारले. २००१ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीने युनियन कार्बाइड विकत घेतली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला.

वायू काही तासांत विरून गेला, कारखान्यातला कचरा मात्र तिथेच राहिला. वायुगळतीच्या आधीपासूनच रासायनिक कचरा आवारात पुरला जात होता आणि जवळच्या तळ्यांत सोडला जात होता. तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या वस्त्यांचे भूजल दूषित झाले. ज्यांनी त्या रात्री वायू घेतला नव्हता, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांच्या पोटात हे पाणी गेले. कारखान्यात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंद कंटेनरांतून पिथमपूरला नेण्यात आला आणि जून २०२५ अखेर जाळून संपवण्यात आला. तिथल्या लोकांनीही आपल्या गावात हा कचरा नको म्हणून आंदोलन केले. या कामासाठी सुमारे १२६ कोटी रुपये सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून गेले. जमिनीत मुरलेले विष अजून तिथेच आहे.

युनियन कार्बाइडने भारतातील आपले भाग विकले तेव्हा त्या पैशातून न्यायालयाच्या देखरेखीखाली भोपाळमध्ये पीडितांसाठी इस्पितळ उभे राहिले. इस्पितळ हवेच होते. पण आधी माणूस आजारी करून मग दवाखाना बांधणे याला समाजसेवा म्हणता येत नाही.

रशीदा बी आणि जब्बारभाई

भोपाळची गोष्ट केवळ मरणाची नाही. गॅसपीडित स्त्रियांनी तिथे जो लढा दिला तो आपल्या लेकींना सांगावा असा आहे. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी पीडित स्त्रियांना मिळालेल्या कामाच्या ठिकाणी भेटल्या. रशीदा बी पडद्यात वाढलेल्या, शाळा न शिकलेल्या. दोघींनी कामगार स्त्रियांची संघटना बांधली आणि १९८९ मध्ये भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी मोर्चा नेला. २००४ मध्ये त्यांना पर्यावरणासाठीचा जागतिक गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी घर बांधले नाही, तर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांच्या उपचारासाठी चिंगारी ट्रस्ट उभा केला.

अब्दुल जब्बार यांनीही आयुष्य याच कामात घातले. त्यांची संघटना केवळ भरपाईच्या रांगेत उभी राहिली नाही, तिने स्त्रियांना शिवणकाम आणि हाताला काम दिले. फुकटचे धान्य नको, रोजगार द्या, अशी त्यांची मागणी असे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गेले, त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्या माणसांकडे दोन टक्के द्यायला नफाच नव्हता, त्यांनी आपले सगळे दिले.

दुसरी वाटही आहे

‘नीती पाळून धंदा चालत नाही’ हे वाक्य बाजारात रोज ऐकू येते. ते खरे नाही, याचा एक दाखला अमेरिकेतच आहे. अल्युमिनियम बनवणाऱ्या अल्कोआ या कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओनील यांच्याकडे आली. वितळलेल्या धातूशी आणि अवजड यंत्रांशी रोज गाठ असलेला हा उद्योग. गुंतवणूकदारांच्या पहिल्याच बैठकीत नवा प्रमुख नफ्याबद्दल बोलेल अशी सर्वांची अपेक्षा. ओनील बोलले ते कामगारांच्या सुरक्षेबद्दल. माझ्या कंपनीत कोणालाही इजा होता कामा नये, हेच माझे पहिले उद्दिष्ट, असा त्यांचा सूर होता. ऐकणारे गोंधळले. पण इजा का झाली हे शोधू लागले की यंत्र कुठे बिघडते, माल कुठे वाया जातो, साहेबापर्यंत खरी बातमी का पोहोचत नाही, हेही कळू लागते. ओनील २००० मध्ये निवृत्त झाले तोवर इजांचे प्रमाण पूर्वीच्या एका लहान अंशावर आले होते आणि वार्षिक नफा सुमारे पाच पट झाला होता.

यातून नीती नेहमी नफाच देते असा अर्थ आम्ही काढत नाही. कधी कधी ती तोटाही देते आणि तरीही ती पाळायची असते. पण सुरक्षा हा फुकट जाणारा खर्च आहे, हा समज तरी या उदाहरणाने खोटा ठरतो.

आपण काय विचारू शकतो

भोपाळनंतर कायदे बदलले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घातक उद्योग करणाऱ्याने हानी केली तर ‘आमची चूक नव्हती’ ही सबब चालणार नाही आणि भरपाईही कंपनीच्या ऐपतीनुसार ठरेल. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या लोकांना देणे बंधनकारक झाले. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. कामावर किती जखमी झाले, पाणी किती वापरले, कचरा किती निघाला, स्त्री-पुरुषांना वेतन किती, हे त्यात लिहावे लागते. आम्ही ज्याला अठ्ठ्याण्णव टक्के म्हणतो, त्याची झलक या अहवालात दिसते. तो सर्वांना खुला असतो.

नोकरीसाठी मुलाखतीला निघालेल्या मुला-मुलींनी हा अहवाल वाचून जावे. पैसा गुंतवणाऱ्यांनी मागील वर्षाच्या परताव्याबरोबर अपघातांचा रकानाही पाहावा. आपल्या गावाजवळ मोठा प्रकल्प येत असेल तर बहुतेक प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जाहीर सुनावणी घ्यावी लागते, तिची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. कोकणातील लोटे परशुराम असो की पालघरचे तारापूर, रासायनिक वसाहतींच्या शेजारी राहणाऱ्यांना सांडपाण्याचा त्रास नवा नाही. अशा सुनावणीला पुरुष जातात, स्त्रिया घरी राहतात. घरात पाणी भरणारी आणि आजारी मुलाला दवाखान्यात नेणारी जी आहे, तिनेच तिथे पहिल्या रांगेत बसले पाहिजे.

आणि इतरांना विचारताना आपल्या दुकानाकडेही पाहावे लागते. आपल्या समाजात गॅरेज आहेत, भंगाराचा व्यापार आहे, यंत्रमाग आणि कापड रंगवण्याचे कारखाने आहेत, बेकऱ्या आहेत. जुन्या बॅटरीतले अ‍ॅसिड आणि गाडीतून काढलेले काळे ऑइल गटारात जाते तेव्हा ते कुठल्या तरी विहिरीपर्यंत पोहोचतेच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर आणण्यास सांगितले, तेव्हा अनेक बेकरीमालक धास्तावले. त्यांची अडचण खरी आहे. भट्टी बदलणे खर्चिक आहे आणि पाव महाग झाला तर गिऱ्हाईक तुटते. अशा छोट्या धंद्यांना सरकारने स्वस्त कर्ज आणि पुरेसा वेळ द्यायलाच हवा. पण त्या धुराचा पहिला घास भट्टीपुढे उभा असलेला कारागीर घेतो आणि तो बहुधा गावाकडून आलेला, पोटमाळ्यावर झोपणारा तरुण असतो. त्याचा खोकला हाही धंद्याच्या वहीतला खर्च आहे, कोणी लिहो वा न लिहो.

लहान दुकानदाराला कोणी दोन टक्के मागत नाही आणि सेबीचा अहवालही मागत नाही. त्याला विचारणारे फक्त दोघे, घरची माणसे आणि स्वतःचे मन. म्हणून हा विषय घरात जेवताना निघावा असे आम्हांला वाटते. रात्री हिशेब मांडताना नफ्याच्या आकड्याशेजारी आणखी तीन गोष्टी लिहून पाहाव्यात: आज आपल्याकडे काम करणाऱ्याला कुठे लागले-खुपले का, आपल्या दुकानातून काय गटारात गेले, आणि शेजाऱ्याला जे कळायला हवे ते आपण त्याला सांगितले का. भोपाळच्या त्या कारखान्यात हे तीन प्रश्न वरिष्ठांपर्यंत लिहून गेले होते. उत्तर मात्र वेळेवर दिले गेले नाही.